काउंटरवर वडणगेकर

"जाहिरातीत महिलांना प्राधान्य असं लिहिलंय," डॉक्टर म्हणाले.

"वाचलंय, सर," समोरचा माणूस म्हणाला. "प्राधान्य म्हटलंय. फक्त महिला असं नाही म्हटलं. म्हणून आलो."

डॉक्टर कोरगावकरांनी माझ्याकडे पाहिलं. जाहिरातीचा मजकूर माझाच होता.

कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांचा प्लास्टिक सर्जरीचा दवाखाना होता आणि मी तिथं मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे ऑपरेशन सोडून बाकी सगळं. नर्स, मावशी, वॉचमन, रिसेप्शनवरची मुलगी, ही सगळी माणसं शोधायची, सांभाळायची आणि वेळ आली की काढायची, हे काम माझं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी आम्ही रिसेप्शनसाठी माणूस बघत होतो. सकाळपासून सात-आठ मुली येऊन गेल्या होत्या. नीटनेटक्या, हसऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या. डॉक्टरांना त्यातल्या दोघी पसंत पडल्या होत्या. मला एकही नाही.

कारण आधीची मुलगीही तशीच होती. कामाला चोख. पण एकदा आईबरोबर भिशीला गेली आणि तिथं सहज बोलून गेली की अमक्या वकिलांच्या मुलीचं नाक आमच्याकडं झालंय. आठवड्याच्या आत ती बातमी मुलीच्या होणाऱ्या सासरी पोचली आणि साखरपुडा मोडला. वकील दवाखान्यात आले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत, उभ्या उभ्या डॉक्टरांना बोलून निघून गेले. त्यानंतर दुपारचे पेशंट रोडावले.

आमच्याकडं सकाळचे आणि दुपारचे पेशंट वेगळे असत. सकाळी भाजलेले हात, एमआयडीसीत मशीनमध्ये सापडलेली बोटं, ओठ फाटलेली तान्ही पोरं. ही माणसं सगळं गणगोत घेऊन यायची आणि कुणालाही काहीही सांगायची. दुपारी नाकं, डाग, केस, सुटलेली पोटं. ही माणसं एकटी यायची. स्कार्फ न सोडता कोपऱ्यात बसायची आणि दार वाजलं की मान खाली घालायची. दवाखाना चालायचा तो या दुपारच्या लोकांवर.

"आधी कुठं होता?" मी त्या माणसाला विचारलं. त्याचं नाव दिनकर वडणगेकर. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, बारीक कापलेली मिशी.

"लॉजवर. स्टँडसमोर. काउंटर सांभाळायचो."

डॉक्टरांना हसू आलं. "मग सोडलं का?"

"मालकांनी लॉज पाडलं, सर. तिथं आता कॉम्प्लेक्स होतंय."

"स्टँडसमोरचं लॉज म्हणजे एकेक नमुने बघितले असतील तुम्ही. सांगा की एखादा किस्सा."

"तसं काही आठवत नाही, सर."

"एवढ्या वर्षांत एकही नाही?"

"नाही."

"बरं, नावं सांगू नका. नुसती गंमत सांगा."

वडणगेकर पंख्याकडं बघत बसले. डॉक्टर वाट बघून थांबले आणि त्यांनी माझ्याकडं हात केला.

मी विचारलं, "समजा, तुमच्या ओळखीचं माणूस समोर आलं. तुमच्या गल्लीतलं. तर काय कराल?"

"मी आधी ओळख दाखवत नाही, मॅडम. त्यांनी दाखवली तर दाखवतो."

"आणि त्यांनी नाही दाखवली तर?"

"मग ते माझ्या ओळखीचे नाहीत."

ते बाहेर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "लॉजचा माणूस? आपल्या काउंटरला? बायका बिचकतील हो."

"बायका बिचकतात त्या बायकांना," मी म्हटलं. "ओळखीची बाई, तिची जाऊ, तिची मैत्रीण. ह्यांना कोण घाबरेल?"

"तुमची जबाबदारी," डॉक्टर म्हणाले. मी हो म्हटलं आणि त्यांना घेतलं.

पंधरा दिवसांत दुपारचं काम सुरळीत झालं. वडणगेकर कुणालाही नावानं हाक मारत नसत. उठून जवळ जात आणि हळू आवाजात "चला" म्हणत. एकमेकींच्या ओळखीच्या दोघी लागोपाठ आल्या तर एकीला ड्रेसिंग रूमच्या बाजूनं आत नेत. त्या एकमेकींच्या ओळखीच्या आहेत हे त्यांना कसं कळायचं, कोण जाणे. मी विचारलं नाही. विचारून त्यांनी सांगितलंही नसतं.

त्याचा तापही व्हायचा. एकदा एका बाईंचे मिस्टर त्यांच्यासाठी डबा घेऊन आले. बाई आत ऑपरेशनच्या टेबलावर होत्या, नवऱ्यानंच सकाळी आणून सोडल्या होत्या. वडणगेकर तेव्हा जागेवर नव्हते, म्हणून त्यांनी त्या माणसाला बघितलेलं नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "अशा कुणी बाई इथं नाहीत." तो बिचारा डबा घेऊन शाहूपुरी पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत गेला होता. मी वडणगेकरांना चांगलंच फैलावर घेतलं.

"अहो, नवरा आहे तो तिचा!"

"ते तो म्हणत होता," वडणगेकर म्हणाले.

त्या वर्षी दिवाळीत ते आमच्या घरी पेढे घेऊन आले होते. दारातच उभे राहिले. माझ्या सासूबाईंनी त्यांना पाणी दिलं, बसा म्हणाल्या. ते दोन मिनिटं बसले आणि गेले. "बोलत न्हाई गं फारसा," आत्या म्हणाल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात.

घरात आम्ही चौघं होतो. मी, माझे मिस्टर रणजित, आमची मुलगी आणि आत्या. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तीन-चार वर्षांपूर्वी गेले होते. आनंदराव इंगवले हे नाव आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. सूतगिरणीत सुपरवायझर होते, कुणाचं भांडण मिटवायचं असलं की लोक त्यांना बोलवायचे. माझं बी.कॉम. लग्नानंतर त्यांच्यामुळं झालं. मी नोकरी धरली तेव्हा भावकी कुरकुरत होती. मामंजी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी सून कामाला जाणार. कुणाला काय म्हणायचंय?" कुणाला काही म्हणायचं नव्हतं. त्यांच्या श्राद्धाला दरवर्षी मोठी पंगत बसायची.

पुढच्या जानेवारीत डॉक्टरांनी लेझरचं मशीन आणलं. कोल्हापुरात तेव्हा तसं दुसरं नव्हतं. कॉलेजची पोरं प्रेमात गोंदवलेली नावं घालवायला यायची. मी घरी जेवताना हे किस्से सांगायचे, नावं न घेता. सगळे हसायचे.

उन्हाळ्यापासून आत्या लांब बाह्यांचे ब्लाउज घालायला लागल्या. थंडी वाजते म्हणाल्या. वय झालं, रक्त कमी झालं असेल, असं मला वाटलं. दीड-दोन महिन्यांतून एखाद्या बुधवारी त्या गुडघ्याला शेक घ्यायला जायच्या. बुधवारी दुपारी मी दवाखान्यात नसायचे. मला बँकेची आणि सप्लायरची कामं असायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ निखळून हातात आला. पाण्याचा फवारा सगळीकडं उडाला. आत्या पुढं होत्या, नखशिखांत भिजल्या. मी धावत जाऊन बाहेरचा कॉक बंद केला आणि परत आले. आत्या पदर पिळत होत्या. भिजलेली बाही त्यांनी कोपरापर्यंत सारली होती.

त्यांच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटापासून वर मामंजींचं पूर्ण नाव गोंदलेलं होतं. हिरवं, ठसठशीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते बघत होते. ते आता जवळपास नव्हतंच. पहिली अक्षरं गेली होती, पुढची राखाडी झाली होती आणि भोवतीची कातडी फिकी, गुळगुळीत होती. अशी कातडी मी रोज बघत होते. ती कशानं होते, किती बैठकांनी होते, हे मला विचारावं लागणार नव्हतं.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि बाही खाली ओढली.

"कोरडं काहीतरी आण गं पुसायला," त्या म्हणाल्या.

मी कापड आणलं. दोघींनी मिळून फरशी पुसली. रणजित प्लंबरला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सण होता, घरात पाहुणे होते. आम्ही दोघी एकमेकींशी फक्त पुरणाबद्दल आणि पानांबद्दल बोललो.

दसरा झाल्यावर दवाखाना उघडला त्या सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. वडणगेकर काउंटर पुसत होते.

"वडणगेकर, माझ्या सासूबाई इथं येतात?"

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. "कोण येतं ते मी सांगत नाही, मॅडम."

"मी कुणी बाहेरची आहे का? मी इथली मॅनेजर आहे."

"मॅनेजर म्हणून विचारताय का सूनबाई म्हणून?"

मी पर्स काउंटरवर ठेवली.

"मॅनेजर म्हणून विचारत असाल तर फायलींचं कपाट तुमच्याच केबिनमध्ये आहे, किल्लीही तुमच्याकडंच आहे. सूनबाई म्हणून विचारत असाल तर मला माहीत नाही."

"तुम्ही घरी आला होता दिवाळीत. त्यांनी तुम्हाला पाणी दिलं होतं. तुम्ही त्यांना ओळखलं नाही असं मला सांगू नका."

"सांगत नाहीच आहे मी काही."

"माझ्या घरातली गोष्ट माझ्यापासून लपवलीत तुम्ही."

"लपवली नाही. तुम्ही आज विचारलंत आणि मी आज सांगत नाहीये. एवढंच झालंय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पेशंटला थोडं थांबावं लागेल असं सांगावं तसं ते बोलत होते. मी केबिनमध्ये जाऊन बसले. कपाट मी उघडलं नाही. जे कळायचं होतं ते मला कळलंच होतं. मला राग कशाचा आला होता, हे तेव्हा नीट सांगता आलं नसतं. मामंजींचं नाव पुसलं गेलं याचा होता, आणि ते माझ्याच दवाखान्यात, माझ्या पाठीमागं, मीच निवडलेल्या माणसासमोर पुसलं गेलं याचाही होता.

दुपारी डॉक्टर मोकळे झाल्यावर मी त्यांना म्हटलं, "वडणगेकरांना काढावं असं वाटतंय."

डॉक्टर चकित झाले. "का? काय केलं त्यांनी?"

काय केलं ते सांगायचं तर कुणाची सासू, कुठलं नाव, हे सगळं सांगावं लागलं असतं. आत्यांनी इथं माहेरचं नाव लावलं असणार. डॉक्टरांना त्या माझ्या कोण हे माहीत असल्याचं त्यांच्या तोंडावर तरी दिसत नव्हतं.

"कारण सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"पैशाचं काही?"

"नाही, नाही. त्यातलं काही नाही."

"पेशंटची तक्रार?"

"नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बघा, मॅडम. तुम्हीच त्यांना घेतलंत, मी नको म्हणत होतो. आता ते नसले तर माझी दुपार कोलमडेल. तरी तुम्ही म्हणत असाल तर काढा. पण एकदा घरी जाऊन विचार करा."

मी घरी गेले. रणजित कामावर होते, मुलगी क्लासला गेली होती. आत्या मागच्या दारात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

"कळलं मला तवाच," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, इचारंल आता. दसरा गेला तरी तू इचारीनास."

"का काढलंत, आत्या?"

त्या पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते लग्नात गोंदलेलं नव्हतं. तुम्हांस्नी सगळ्यांस्नी वाटतं लग्नातलं हाय म्हणून. तसं न्हाई. आपली थोरली शालन वर्षाची हुती, रणजित पोटात हुता. मी म्हायेरी निघून गेले हुते. न्हाई जाणार परत म्हणून बसले. त्यो आणि दीर आले आणि घिऊन गेले."

मामंजींना त्या 'त्यो' म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'हे' सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी गोंदणारीण बोलावली. बाजारात बसायची ती. घरातल्या बायकांनी हात धरला माझा. सासू हुती, जावा हुत्या. त्यो उंबऱ्यात हुबा हुता. झाल्यावर म्हणाला, 'आता जा कुठं जायचं तिथं. ज्येला वाचता येतंय त्यो आणून सोडंल.'"

मेथीच्या काड्यांचा ढीग त्यांनी बाजूला सारला.

"माहेरी का गेला होता तुम्ही?"

"ते ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाल्या.

मी माझ्या काड्याही त्या ढिगात टाकल्या. मग मी म्हटलं, "माझ्याशी मामंजी..."

"तुझ्याशी चांगला वागला. लेकीगत वागवलं तुला. ते काय खोटं न्हाई. तू त्येला वाईट म्हण म्हणून मी सांगत न्हाई."

"मग एवढ्या वर्षांनी का?"

"तूच सांगत हुतीस की जेवताना. नवीन मशीन आलंय, गोंदलेलं जातंय. तवर मला म्हाईतच नव्हतं ते जातंय म्हणून. मला वाटायचं हे सरणावरच जाणार."

"मला सांगायचं होतंत, आत्या. मी सगळं केलं असतं."

"केलं असतंस. रजा काढली असतीस, बरुबर आली असतीस, रणजितला समजावलं असतंस. आणि का म्हणून इचारलं असतंस." त्यांनी जुडीची दोरी सोडली. "डॉक्टरनं इचारलं, दुखतंय का. बाहेरच्या त्या तुझ्या माणसानं तेवढं बी न्हाई. पयल्या दिवशी मला बघितलं, उठला, पंख्याखालची खुर्ची दिली आणि पुन्हा खाली मान घालून बसला. मी घरातनं निघताना घाबरले हुते. तिथं गेल्यावर न्हाई घाबरले."

"आता किती राहिलंय?"

"एकदा-दोनदा, म्हणाले."

"मी येऊ बरोबर?"

"नको," आत्या म्हणाल्या. "बुधवारी तुझी बँक असती न्हवं?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय ठरलं?" मी म्हटलं, "राहू दे त्यांना." त्यांनी पुढं काही विचारलं नाही. वडणगेकरांनीही काही विचारलं नाही. मी त्यांची माफी मागितली नाही आणि त्यांना ती अपेक्षितही नसावी. ते नंतर बरीच वर्षं होते. डोळ्यांचा त्रास सुरू झाल्यावर स्वतःहून सोडून गेले.

माघात मामंजींचं श्राद्ध आलं. गच्चीवर मांडव घातला होता, पहिली पंगत बसली होती. आत्या वाढायला उठल्या तेव्हा त्यांनी आखूड बाह्यांचा पांढरा ब्लाउज घातला होता. मी आमटीचं भांडं घेऊन त्यांच्या मागं होते. शालन वन्सं, माझी मोठी नणंद, भाताचं ताट घेऊन समोरून येत होत्या. त्या थांबल्या.

"आई, हाताला काय झालं तुझ्या? आबांचं नाव कुठं गेलं?"

आवाज मोठा होता. पंगतीतल्या दहा-बारा माना वर झाल्या. रणजित पाण्याचा जग घेऊन उभे होते.

"काढलं," आत्या म्हणाल्या.

"काढलं म्हणजे? का गं?"

"भात वाढ. माणसं खोळंबलीत."

त्या पुढं गेल्या आणि वाढत राहिल्या. एका म्हाताऱ्या चुलतसासूबाईंनी आत्यांच्या हाताकडं पाहिलं, मग पानाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं जेवायला लागल्या. बाकीचेही जेवले.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर रणजितनी मला आतल्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"तुमच्याच दवाखान्यात काढलं ना?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"नंतर कळलं."

"मी अक्षरं त्याच्यावर शिकलोय, उज्ज्वला. शाळेत जायच्या आधी. आईच्या मांडीवर बसून एकेक अक्षर बोटानं गिरवायचो. तिनं मला सांगायला तरी पाहिजे होतं. का काढलं तिनं? काय म्हणाली तुला?"

सांगावंसं वाटलं. तेवढं सांगून मी मोकळी झाले असते.

"तुमच्या आईला विचारा," मी म्हटलं.

ते आत्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी आणि शालन वन्सं बाहेर भांडी पुसत बसलो. आतून आधी रणजितचा आवाज येत होता, मग फक्त आत्यांचा, तोही अगदी हळू. शब्द कळत नव्हते. वन्सं दोनदा उठू लागल्या, मी त्यांना बसवलं. बऱ्याच वेळानं रणजित बाहेर आले, चूळ भरून आले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. आत्यांनी त्यांना काय सांगितलं, किती सांगितलं, ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी माघ जवळ आला तसा मी यादीचा विषय काढला. रणजित म्हणाले, "पंगत नको. घरचेच जेवू."

त्या दिवशी आम्ही सगळे एकदमच बसलो. वाढायला कुणी उभं नव्हतं. भांडी मध्ये ठेवली होती. आत्यांनी स्वतःचं पान मांडलं, आधी खीर घेतली आणि जेवायला सुरुवात केली.